केपच्या दप्तरात सहा दिवस: मूळ पुरुष शोधताना भेटलेल्या मूळ स्त्रिया

केप टाउनला जाणारी मराठी मंडळी टेबल माउंटन, पेंग्विन आणि द्राक्षमळे बघून परततात. ऑक्टोबरच्या अखेरीस केलेल्या आमच्या सहा दिवसांच्या मुक्कामात यातलं फार थोडं झालं. सोबतच्या मैत्रिणीचं सासर पुण्याचं, माहेर केपचं. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या (तिथे सगळे व्हीओसीच म्हणतात) काळात तिचं घराणं तिथे आलं, एवढं घरात ठाऊक होतं. कोण आलं, कधी आलं, कुठून आलं, हे कागदांवरून लावायचं होतं. आडनाव खासगी असल्यामुळे इथे देत नाही, पण पद्धत केपच्या कुठल्याही जुन्या घराण्याला चालते.

थोडी पार्श्वभूमी. यान फान रीबेक ६ एप्रिल १६५२ रोजी टेबल बे इथे उतरला. तेव्हा वसाहत करायचा बेत नव्हता, जहाजांना ताजी भाजी आणि मांस पुरवणारं ठाणं हवं होतं. १६५७ मध्ये कंपनीने आपल्या नऊ नोकरांना मोकळं करून शेतीला जमीन दिली. हे पहिले 'फ्राय बर्गर', म्हणजे मोकळे नागरिक. खरी वसाहत इथून सुरू होते.

निघण्याआधी

व्हिसा आणि विमानाचं जे व्हायचं ते होतं. खरी तयारी निराळी. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची एनएएआयआरएस नावाची मोफत शोधसूची इंटरनेटवर आहे. तिच्यात कागदांची छायाचित्रं नाहीत, फक्त पत्ते आहेत. केपसाठी 'केएबी' हा विभाग निवडायचा. प्रत्येक नोंदीत उगमाचं लघुनाम, खंड क्रमांक आणि संदर्भ क्रमांक येतो. हे तिन्ही जसेच्या तसे उतरवून घ्या, कारण वाचनालयात मागणीची चिठ्ठी त्यांवरूनच भरायची असते. आडनावाचं स्पेलिंग दर पिढीला बदलतं, म्हणून आडनावाबरोबर पहिल्या नावांनीही शोधा. विवाहित स्त्रियांच्या नोंदीत माहेरचं आडनाव 'बॉर्न' या शब्दापुढे दिलेलं असतं. ते वेगळं टिपून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं.

दुसरी तयारी फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडण्याची. केपच्या चर्चची नोंदणीपुस्तकं आणि मृत्युपत्रकं यांची बरीच छायाचित्रं तिथे आहेत. जे घरी बसून दिसतं त्यासाठी केपमधला वेळ घालवू नका.

आणि सुरुवात स्वतःपासून करा. आम्हाला इंटरनेटवर आयती वंशावळ मिळाली होती. तिच्यात मूळ पुरुष १६८८ च्या ह्युगेनो (फ्रान्समधून पळालेले प्रोटेस्टंट) जहाजातून आलेला दाखवला होता, पण आधाराला एकही कागद नव्हता. ती बाजूला ठेवली आणि मैत्रिणीच्या पणजोबांपासून मागे जायचं ठरवलं. एका पिढीला एक कागद, कागद नसेल तर पुढची पायरी नाही.

पहिला दिवस, रविवार: बो-काप आणि ख्रोते केर्क

रविवारी दप्तर बंद, म्हणून शहराची ओळख. बो-काप या जुन्या मुस्लिम वस्तीतल्या रंगीत घरांच्या गल्ल्यांत रविवारी सकाळी कूसिस्टर मिळतात. बटाटा घातलेलं मऊ पीठ, त्यात बडीशेप, दालचिनी, वेलदोडा आणि वाळवलेली संत्र्याची साल. तळून, पाकात उकळून, वरून खोबरं. घरांच्या दारातूनच विकतात आणि साडेनऊपर्यंत संपतात. दुकानांत कूकसिस्टर नावाचा वेणीसारखा कुरकुरीत प्रकार मिळतो, तो वेगळा. नावातला एक 'क' बघून घ्या.

ज्या आजींकडून घेतले त्यांना आमचं काम सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे कागद नाहीत, पाककृती आहेत. मग भांड्यातल्या मसाल्यावर बोट ठेवून एकेक नाव सांगत गेल्या. 'बारिशाप' म्हणजे आपली बडीशेप, 'जीरा' म्हणजे जिरं.

तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत चर्च स्क्वेअर. चौकात काळ्या ग्रॅनाइटचे ११ ठोकळे आहेत, त्यांवर गुलामांची नावं कोरलेली. जवळच स्पिन स्ट्रीटच्या मधल्या पट्टीत जमिनीवर एक गोल खूण आहे, जिथल्या झाडाखाली माणसं विकली जात त्या जागेची. समोर ख्रोते केर्क, म्हणजे मोठं चर्च. आजची इमारत १८४१ ची, आत आंटोन आनराइटने कोरलेलं १७८९ चं सिंहांवर तोललेलं व्यासपीठ, फरशीत जुने थडग्यांचे दगड. या मंडळीची (चर्चच्या सभासदांच्या समूहाला मंडळी म्हणतात) बाप्तिस्म्याची वही १६६५ पासून आहे, त्या वर्षी पहिला कायम पाद्री आला म्हणून. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचं आपल्याकडे जे स्थान, ते केपमध्ये या वह्यांचं.

दुपारी आग्नेयेचा वारा सुटला. डोंगरावरून ढग टेबलक्लॉथसारखा खाली ओघळतो आणि रस्त्यावर टोपी टिकत नाही. कागद घेऊन फिरणार असाल तर झिपची फाइल घ्या.

दुसरा आणि तिसरा दिवस: रोलँड स्ट्रीट

वेस्टर्न केप आर्काइव्ह्ज ७२ रोलँड स्ट्रीटला, जुन्या तुरुंगाच्या जागेवर. बाहेरची दगडी भिंत तुरुंगाचीच आहे. वाचनालयाला शुल्क नाही. पिशव्या बाहेर कपाटात, आत पेन्सिल, वही, लॅपटॉप. फोटो काढायचा तर आधी विचारा, फ्लॅश चालत नाही. वेळा बदलतात, आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. सकाळी दार उघडताना हजर राहा. चिठ्ठी दिल्यापासून दप्तर टेबलावर यायला वेळ लागतो आणि एका वेळी मोजकीच मिळतात. पहिली चिठ्ठी देऊन झाली की दुसरीची तयारी करत बसायचं.

केपच्या वंशशोधात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे 'डेथ नोटिस'. १८३४ पासून हा छापील नमुना आहे. मृताचं नाव, जन्मस्थान, आईवडिलांची नावं, वय, विवाह, जोडीदार, मुलांची नावं, मृत्यूची तारीख आणि जागा, मिळकत आहे की नाही, सगळं एका पानावर. शोधसूचीत उगमाचं लघुनाम एमओओसी, मालिका ६/९. डॉक्टरच्या मृत्यूच्या दाखल्याशी गल्लत करू नका, त्यात आईबाप नसतात. अलीकडच्या काळातल्या मिळकतींचे कागद इथे नसून मास्टर ऑफ द हायकोर्टच्या कचेरीत असतात. जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी केपमध्ये १८९५ पासूनची, त्याआधी चर्चच.

सोमवारी पणजोबांची १९३१ ची नोटिस मिळाली, तिच्यावरून त्यांच्या वडिलांची १८८९ ची, तिच्यावरून आजोबांची १८४६ ची. तीन कागदांत दीडशे वर्षं. पण १८८९ च्या नोटिसमध्ये आईचं नाव चुकलेलं निघालं. कारण साधं: नोटिस भरतो तो जवळचा नातेवाईक. इथे जावयाने भरली होती आणि त्याने सासऱ्याच्या आईच्या जागी सावत्र आईचं नाव दिलं. म्हणून पहिली गोष्ट, पानाच्या तळाशी सही कोणाची ते बघायचं. दुसरी गोष्ट, मृत्युपत्राशी (एमओओसी ७) आणि वाटणीच्या हिशेबाशी (एमओओसी १३) ताडून बघायचं. वाटणीत पहिल्या बायकोच्या मुलांचा हिस्सा वेगळा लावलेला होता, तिथे चूक सापडली.

१८३४ च्या मागे गेलं की वेसकामर, म्हणजे अनाथ मुलांच्या मिळकतीची देखरेख करणारी कचेरी. अज्ञान (वयात न आलेले) वारस मागे ठेवून कोणी गेलं की घरातल्या वस्तूंची यादी व्हायची. या याद्या (एमओओसी ८) व्हीओसीच्या कागदपत्रांसाठीच्या टॅनॅप प्रकल्पात अक्षरशः उतरवून इंटरनेटवर ठेवल्या आहेत. पहिल्या चार ओळी सोन्याच्या असतात: विधवेचं नाव माहेरच्या आडनावासह आणि मुलांची नावं वयांसह. खाली मग तांब्याची भांडी, बैल, पलंग, आणि त्याच ओळीत, त्याच शाईत, किंमत लावलेली माणसं. ती पानं वाचून झाल्यावर मैत्रीण बराच वेळ खिडकीशी जाऊन उभी होती.

अक्षर डच आणि शब्द जुने. ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना ही धडपड ओळखीची वाटेल: आधी एकाच लेखनिकाची दहा पानं नुसती बघायची, त्याचा 'स' आणि 'ह' कळला की बाकीचं सुटतं. वीसेक शब्द पुरतात. गेडोप्ट म्हणजे बाप्तिस्मा झालेला, खेटाउखन साक्षीदार, वेडुव विधवा, हाउसफ्राउ पत्नी, ओव्हरलेडन मृत, ओनमोंडिख अज्ञान, फ्रायस्वार्ट म्हणजे मुक्त झालेली काळी व्यक्ती. महिन्यांत एक सापळा आहे: '७बर' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. ८बर ऑक्टोबर, ९बर नोव्हेंबर, १०बर डिसेंबर, कारण लॅटिन आकड्यांवरून ही नावं पडली.

मंगळवारी सगळी दुपार एकाच नावाच्या चार माणसांत गेली. डच रीतीने पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला लागतं तसंच. भावाभावांच्या मुलांची नावं त्यामुळे एकच होतात. सुटका बायकोच्या नावाने होते. डच वहीत स्त्री लग्नानंतरही माहेरच्याच आडनावाने लिहिली जाते. आपल्या कुलवृत्तांतांत सुनेचं माहेर ओळीभर येतं आणि मुलीची शाखा लग्नापाशी थांबते. इथे उलट, प्रत्येक बाप्तिस्म्याला आईचं मूळ घराणं पुन्हा लिहिलेलं. साक्षीदार बहुधा आजीआजोबा किंवा मावशी-आत्या, तेही लिहून घ्या.

केपच्या वंशावळींत b3c2d5 असे संकेत दिसतात. घाबरू नका. मूळ पुरुष a, त्याची मुलं b, नातवंडं c. म्हणजे हे मूळ पुरुषाच्या तिसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या अपत्याचं पाचवं अपत्य. आपली टिपणंही पहिल्या दिवसापासून याच पद्धतीने ठेवली तर तिथल्या जाणकारांशी बोलणं सोपं जातं.

दप्तर बंद झाल्यावर स्लेव्ह लॉज पाहिलं (रविवारच्या फेरीत ते जमलं नव्हतं, शेवटच्या प्रवेशाची वेळ विचारून घ्या). १६७९ ची ही इमारत कंपनीच्या गुलामांचं वसतिस्थान. १६५२ ते १८०८ या काळात केपला सुमारे ६३ हजार माणसं गुलाम म्हणून आणली गेली, त्यांतली साधारण चौथा हिस्सा भारत आणि सिलोनकडची.

चौथा दिवस: स्टेलेनबॉश

केप टाउनहून ५० किलोमीटर. सिमॉन फान डेर स्टेलने १६७९ मध्ये वसवलेलं गाव, ओकची झाडं, रस्त्याकडेने वाहते पाट. इथे डच रिफॉर्म्ड चर्चचं मोठं अभिलेखागार आहे. आधी लिहून वेळ घ्या आणि कोणती मंडळी, कोणती वर्षं हे नेमकं कळवा. मंडळीचं नाव माहीत नसेल तर त्या काळी कुटुंब कोणत्या जिल्ह्यात होतं ते तरी.

मूळ पुरुषाचा उलगडा इथे झाला. त्याचं लग्न १७३८ चं, आणि नोंदीत त्याच्या नावापुढे जर्मन गाव लिहिलेलं. म्हणजे १६८८ चं ह्युगेनो जहाज नव्हेच. संध्याकाळी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'व्हीओसी ओपफारेन्डन' या मोफत सूचीत तो सापडला: अठराव्या शतकातल्या कंपनीच्या पगारवह्यांवरून केलेली, सहा लाखांवर नोंदींची यादी. नाव, गाव, जहाज, हुद्दा, नोकरी कुठे आणि कशी संपली, इतकं त्यात मिळतं. तो शिपाई म्हणून आला होता आणि केपला उतरून राहिला. केपच्या कितीतरी घराण्यांचे मूळ पुरुष असेच जर्मन शिपाई आहेत. या सूचीत गावाचं नाव डच कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं; मोठ्याने उच्चारून बघितल्याशिवाय नकाशावर सापडत नाही.

गावातलं स्रॉयडरहाउस (१७०९) नक्की बघा. एकच खोलीवजा स्वयंपाकघर, जाड भिंती, शेणाने सारवलेली जमीन. वस्तूंच्या यादीतली भांडी कुठे टांगली जात ते इथे उभं राहून कळतं. जेवायला बोबोटी घेतली: खिम्यावर अंड्याचं आवरण, आत मनुका आणि हळद, सोबत पिवळा भात.

पाचवा दिवस: फ्रान्सहूक

हेल्सहूख्त घाटातून तासाभरापेक्षा कमी. सकाळी पाऊस, घाट उतरेपर्यंत ऊन. १६८८-८९ मध्ये फ्रान्समधून पळालेले सुमारे दोनशे ह्युगेनो केपला आले आणि या बाजूच्या खोऱ्यांत त्यांना जमिनी मिळाल्या. तीन कमानींचं स्मारक १९४८ मध्ये खुलं झालं. शेजारचं संग्रहालय आडनावांसाठी बघावं. व्हिलियों झालं फिल्युन, क्रोनिए झालं क्रोन्ये, ल क्लेर्क झालं दे क्लेर्क, पिनार झालं पीनार. एका पिढीत मुलं डच शाळेत गेली आणि फ्रेंच आडनावं डच कानाने लिहिली गेली.

आमच्या शोधात या खोऱ्याचा वाटा एका सुनेपुरता निघाला. तरी इंटरनेटवरच्या वंशावळीला हाच मूळ पुरुष का हवासा वाटला, ते इथे कळतं. स्मारक देखणं आहे, आणि ह्युगेनो पूर्वज असणं केपमध्ये मानाचं समजतात. तो मान बाजूला ठेवून कागदाकडे जावं लागतं.

सहावा दिवस: पुन्हा रोलँड स्ट्रीट, मग कॉन्स्टान्शिया

शुक्रवारची सकाळ त्या शिपायाच्या बायकोसाठी ठेवली होती. ती १७१७ मध्ये स्टेलेनबॉशला बाप्तिस्मा झालेली. तिच्या आईच्या नावापुढे 'फान दे काप' आणि आजीच्या नावापुढे 'फान बेंगाले'. 'फान दे काप' म्हणजे केपमध्ये जन्मलेली, बहुतेक वेळा गुलाम आईच्या पोटी. 'फान बेंगाले' म्हणजे बंगालची. मात्र हे आडनाव नव्हे आणि जन्मगावही असेलच असं नाही. कित्येकदा ते फक्त विक्रीचं बंदर असतं. मलबार, सुरत, कोचीन, 'फान दे कुस्त' म्हणजे चोळमंडल किनारा, अशी नावं येतात. एका वेळी त्याच नावाच्या अनेक जणी असतात, म्हणून मालकाचं नाव, मुक्तीचं वर्ष आणि साक्षीदार ही तिन्ही जुळल्याशिवाय नातं लावू नका. १८१६ नंतरच्या गुलामांसाठी एसओ (स्लेव्ह ऑफिस) मालिकेतल्या नोंदवह्या आहेत, त्याआधी मालकाच्या कागदांतूनच वाट काढावी लागते. आमचे तीनांपैकी दोन दुवे जुळले, तिसरा नाही. तक्त्यात तिथे तुटक रेघ आहे.

हे अपवादात्मक नाही. बंगालची आंगेला १६६६ मध्ये मुक्त झाली, १६६९ मध्ये तिने आर्नोल्डुस बासोनशी लग्न केलं. केपची असंख्य गोरी घराणी तिच्यापर्यंत पोचतात. केपच्या मूळ रहिवासी खोइ समाजातली क्रोतोआ १६६४ मध्ये पीटर फान मेरहोफची पत्नी झाली, तिच्या मुलीचा वंशही तसाच पसरला. फक्त आडनावाच्या रेषेने मागे गेलं तर यांतलं कोणीच भेटत नाही. डीएनए चाचणी करणार असाल तर याच कारणासाठी आईकडून आईकडे जाणारी मायटोकाँड्रियल चाचणी करा. एल०डी गट खोइ-सान स्त्रीकडे बोट दाखवतो, एम गट आशियाकडे. चाचणी दिशा देते, नाव देत नाही.

दुपारी ख्रोट कॉन्स्टान्शिया, १६८५ ची जहागीर. मूळ मालक सिमॉन फान डेर स्टेल, केपचा गव्हर्नर. त्याची आजी मोनिका, 'गोव्याच्या किनाऱ्याची' म्हणून ओळखली जाणारी मुक्त गुलाम स्त्री. त्याच्यानंतर हे घर घेतलं ओलोफ बर्ख याने, आणि त्याची बायको आना दे कोनिंग ही बंगालच्या आंगेलाची मुलगी. गोव्याचा नातू आणि बंगालची लेक, दोघंही एकाच घराच्या कागदांत.

एक गोष्ट सकाळची राहिली. वाचनालयात शेजारच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ आजोबांची फाइल चाळत होते. केप टाउनमध्ये रत्नागिरी-रायगडकडून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आलेली कोकणी मुस्लिम कुटुंबं आहेत, त्यांतले ते. १९०६ च्या केप इमिग्रेशन कायद्यानंतर गावी जाऊन परत यायचं तर परवाना लागे; त्या फायली (उगम आयआरसी) इथेच आहेत, छायाचित्र आणि बोटांच्या ठशांसह. त्यांच्या फाइलमध्ये आजोबांचं गाव इंग्रजीत अशा पद्धतीने लिहिलेलं की त्यांना पन्नास वर्षं ते लागलं नव्हतं. आम्ही मोठ्याने वाचलं: फुरूस, तालुका खेड. 'फुरूस,' ते म्हणाले, 'हां, आजी असंच म्हणायची.' मग त्यांनी वही पुढे केली आणि ते नाव देवनागरीत लिहून घेतलं, खाली तालुका आणि जिल्हा.